पाहणीच्या दिवशी कुणी हसू नये

ओक्ताव लाझारोयूला आयुष्यात एकदा तरी भरलेलं सभागृह हसताना ऐकायचं होतं. मागणी तशी मोठी नव्हती, पण सिनेमाच्या धंद्यात ती पुरी होण्याची सोय नव्हती. सेटवर कुणी हसलं की शॉट वाया जातो, त्यामुळे दिग्दर्शक हयातभर लोकांना गप्प बसा एवढंच सांगत राहतो. आणि सिनेमा थेटरात लागतो तेव्हा तो दुसऱ्या गावी दुसऱ्या लोकांना गप्प करत असतो. शिवाय ओक्तावचा जो एकमेव विनोदी सिनेमा होता, तो थेटरापर्यंत पोचलाच नाही.

त्याचं असं झालं. तयार सिनेमा आधी पाहणी मंडळाला दाखवायचा ही रीत. मंडळ छोट्या हॉलमध्ये बसतं, पाहतं, मग वरच्या मजल्यावर जाऊन बाजारात न मिळणारी खरी कॉफी पितं आणि काय कापायचं ते सांगतं. ओक्तावच्या सिनेमाची रिळामागून रिळं शांततेत सरत होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती म्हणून मंडळातल्या कुणाचा तरी ड्रायव्हर आत येऊन मागच्या रांगेत बसला. बसच्या रांगेचा प्रसंग आला आणि तो हसला. फार नाही, एकदाच, पण मनापासून. दिवे लागले. मंडळाच्या अध्यक्षीणबाई मागे वळल्या आणि रागावून वगैरे नाही, अगदी शाळेत विचारतात तसं त्यांनी विचारलं, "कॉम्रेड, तुम्हाला नेमकं कशाचं हसू आलं?"

ड्रायव्हर सरळ माणूस होता. त्यानं टोपी काढली, उभा राहिला आणि नीट समजावून सांगितलं. ओक्तावच्या सिनेमाचं इतकं अचूक रसग्रहण आजवर एकाही समीक्षकानं केलेलं नव्हतं. सिनेमा तळघरात गेला. बंदी नव्हे, बंदी घातली की ती उठवायला कुणीतरी अर्ज करतं. नुसता फळीवर ठेवला. ड्रायव्हरला पुढे शहर बससेवेत टाकलं असं ओक्तावच्या कानावर आलं. म्हणजे त्याला त्या रांगा आता समोरून दिसत असणार.

त्यानंतर स्टुडिओचा फोन आला तो बीटच्या लागवडीवरच्या माहितीपटासाठी. ओक्तावनं तो केला. मग बीटच्या साठवणीवरचा केला. बीट वाळवण्यावरचा येईल की काय या धास्तीत असताना त्रायानचा फोन आला. त्रायान त्याचा कॉलेजातला मित्र, आता डॅन्यूबकाठच्या एका बंदराच्या गावी नाट्यगृहाचा व्यवस्थापक. त्याचं म्हणणं असं की त्याच्याकडे लोक नाटकाला येत नाहीत आणि आले तर झोपतात, तेव्हा ओक्तावनं एक विनोदी नाटक लिहावं आणि बसवावंही. आपण नाटक कधी केलेलं नाही, असं ओक्ताव म्हणाला.

"म्हणूनच तर," त्रायान म्हणाला, "नाटकवाल्यांत तुझा एकही शत्रू नाही."

नाटक त्यानं एका दमात लिहिलं. एका इमारतीला निरोप येतो की राजधानीतून मोठे पाहुणे येणार आहेत आणि त्यांना साध्या कामगाराचं घर बघायचंय. जिन्याला लागून म्हणून निवृत्त ट्राम-कंडक्टर ग्रिगोरेचं घर ठरतं. त्याच्या घरात बघण्यासारखं काही नाही, मग शेजारी एकेक वस्तू आणून देतात. कुणाचा गालिचा, कुणाचा फ्रिज, कुणाची पुस्तकं, कुणाचं गुटगुटीत पोर. पाहुणे आज येत नाहीत, उद्या येणार म्हणतात, उद्याही तेच. सगळ्यांचं सामान ग्रिगोरेकडे अडकतं आणि हळूहळू अख्खी इमारत त्याच्याच घरात राहायला येते. ग्रिगोरेची स्वतःची तेवढी एक खुर्ची असते, डुगडुगणारी. शोभा जाते म्हणून तीही शेजारी उचलून नेतात. शेवटच्या अंकात तो दमूनभागून येतो, सवयीनं खुर्चीच्या जागी बसतो आणि धाडकन पडतो. सगळं नाटक या पडण्याकडे चालत जात होतं.

यात ओक्तावनं कल्पनेनं काही घातलंय असं बंदरात कुणालाच वाटलं नसतं. आदल्या वर्षी असेच पाहुणे येणार म्हणून गावच्या बागेत झाडांना दोऱ्यानं सफरचंदं बांधली होती. बांधणाऱ्यांतलाच एक जण आता याच नाट्यगृहात नेपथ्य करत होता आणि गाठ पक्की मारायचा.

नाटकातल्या पाहुण्याला ओक्तावनं नाव दिलं नव्हतं, हुद्दा दिला नव्हता, आणि त्याला रंगमंचावर आणलंच नव्हतं. याहून सुरक्षित काय असणार, असा त्याचा हिशेब. त्रायाननं संहिता वाचून मिटली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाव नाही, हुद्दा नाही, येतही नाही. आता तो कोण हे लहान पोरसुद्धा सांगेल."

तालमी सुरू झाल्या. ग्रिगोरेचं काम पानाइत सेर्बूकडे होतं. बंदरातली तीन पिढ्यांची माणसं या एका माणसाला बघून हसली होती. तो दुकानात पाव आणायला गेला तरी रांगेतले लोक आधीच तोंडावर हात धरायचे. ओक्ताव त्याच्या अगदी जवळ जाऊन, कानाशी लागून सूचना द्यायचा, बोटांची चौकट करून त्याचा चेहरा बघायचा आणि भुवई किंचित, अगदी किंचित वर न्यायला सांगायचा. पानाइत ती न्यायचा.

"मास्तर," एकदा तो म्हणाला, "भुवई तुम्हाला दिसली, आनंद आहे. पण वरच्या गॅलरीत जो बसतो ना, त्याला माझं डोकं दिसलं तरी तो त्या दिवशी नशीबवान."

ओक्ताव अधूनमधून "कट" म्हणायचा आणि नटमंडळी ऐकू न आल्यासारखी पुढे चालू ठेवायची. घसरलेलं वाक्य कापून टाकता येत नाही, ते प्रेक्षकांबरोबर घरी जातं, हे पचायला त्याला वेळ लागला. पण हळूहळू जमत गेलं. पानाइत पडला की कोपऱ्यात बसलेल्या नट्या फिसकन हसायच्या. ओक्तावला ते पुरेसं नव्हतं, पण चव कळली होती.

अशात नाटकाच्याही पाहणीची तारीख आली आणि तिच्यासोबत अध्यक्षांचं नाव. कॉम्रेड वेतुरिया मोकानू. सिनेमाच्या पाहणीतल्या त्याच बाई. राजधानीतून त्यांची या जिल्ह्यावर बदली झाली होती. बढती म्हणून की शिक्षा म्हणून हे कुणालाच ठाऊक नव्हतं, बाईंनाही नसावं.

ओक्ताव दिवसभर काही खाऊ शकला नाही. त्रायाननं घरून आणलेला मक्याच्या पिठाचा गोळा आणि खारट चीज पुढं सरकवलं, तेही तसंच पडून राहिलं. त्रायान धीर द्यायच्या भानगडीत पडला नाही. नाटक अडकलं तर माझी खुर्ची जाईल, म्हणाला; आणि तू परत बीटकडे. आणि पाहणीच्या वेळी जर कुणी हसलं, तर बीटही नाही.

त्या एका वाक्यावरून ओक्तावला उपाय सुचला. सिनेमा कशानं गेला? हसण्यानं. प्रसंग तेच होते, वाक्यं तीच होती, मंडळानं सगळं मुकाट्यानं पाहिलं होतं. तो एक ड्रायव्हर हसला नसता तर तळघरात काहीच गेलं नसतं. म्हणजे पाहणीच्या दिवशी कुणी हसू नये एवढीच व्यवस्था करायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना रंगमंचावर बसवून सांगितलं की पाहणीचा प्रयोग आपण गंभीर करणार आहोत. एक शब्द बदलायचा नाही. फक्त विनोद करायचा नाही. वाक्यं अशी म्हणायची की जणू घरात प्रेत आहे. फ्रिज आणताना तो शवपेटीसारखा आणायचा. शेजाऱ्यांचा त्याग, ग्रिगोरेची माणुसकी, एवढंच दिसलं पाहिजे. पहिल्या प्रयोगापासून हवं ते करा.

नटांना भीती कशाची हे वेगळं सांगावं लागलं नाही. पानाइत मात्र हात वर करून उभा राहिला.

"मी पडायचं नाही?"

"नाही."

"मग त्या जागी करू काय?"

"उभे राहा, दादा. नुसते उभे राहा."

"मास्तर, त्या जागी मी नुसता उभा राहिलो तर तुमचं नाटक म्हणजे बिऱ्हाड हलवणं आहे."

"पाहणीपुरतं," ओक्ताव म्हणाला. "पुढे रोज पडा. एकदा पडून विंगेत जा आणि परत येऊन पडा."

पानाइत बसला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला की मी ऐकेन हो, पण गुडघे ऐकतील का ते त्यांना विचारा. हयात गेली, त्यांना त्या जागी वाकायची सवय आहे.

गंभीर तालमी कोरड्या, पडलेल्या चेहऱ्यांनी झाल्या. त्या बघायला हजर अशा एकट्या प्रॉम्प्टर एल्विराबाई, आणि त्या लग्नानंतर हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ओक्ताव निर्धास्त झाला. नाटक इतकं कंटाळवाणं झालं होतं की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

पाहणीच्या सकाळी त्यानं पहिलं काम केलं ते ड्रायव्हर लोकांचं. मंडळाच्या गाड्या दारात लागताच त्यांना मागच्या सुतारखान्यात नेलं, शेगडी पेटवून दिली, समोर आलुबुखाराची दारू आणि सॉसेज ठेवलं आणि बाहेरून दार लावून घेतलं. मग तो आत गेला.

वीज बचतीमुळे सभागृहात हीटर बंद होते. मंडळ ओव्हरकोट आणि फरच्या टोप्यांसकट चौथ्या रांगेत बसलं. मधोमध वेतुरियाबाई, पाठ ताठ, मांडीवर पर्स. त्यांच्या एका बाजूला जिल्हा दैनिकाचे संपादक सेवेर, काडीसारखे बारीक. दुसऱ्या बाजूला गोदीतल्या कामगारांचे प्रतिनिधी, दोन खुर्च्या पुरतील असे रुंद. इतर दोघंतिघं कडेला. ओक्ताव त्यांच्या मागच्या रांगेत बसला. तिथून त्याला चेहरे दिसत नव्हते, फक्त माना दिसत होत्या. जन्मभर चेहरे टिपणाऱ्या माणसावर अशी वेळ आली.

पडदा उघडला. शेजारीण गालिचा घेऊन आली आणि मुलीची पाठवणी करावी तशा आवाजात म्हणाली, "याच्यावर कुणी पाय ठेवू नका. पाहुणे ठेवतील." मानांत हालचाल नाही. फ्रिज आला, चौघांच्या खांद्यांवरून, संथ पावलांनी. ग्रिगोरे झालेल्या पानाइतनं टोपी काढली आणि फ्रिज जाईस्तोवर मान खाली घालून उभा राहिला. हे ओक्तावनं सांगितलेलं नव्हतं. गोदीवाल्याची मान थोडी खाली गेली. झोपला, ओक्तावला वाटलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

मग पोर आणून देण्याचा प्रसंग आला. आई पोराला ग्रिगोरेच्या हाती देते आणि सांगते की हा आमच्या घरात एकटाच अंगानं भरलेला आहे, जपा. पानाइतनं पोर घेतलं, फ्रिजशेजारी उभं केलं, दोन पावलं मागं सरून दोन्हींकडे बघितलं आणि पोर जरासं डावीकडे सरकवलं. कमालीच्या गांभीर्यानं. सेवेर संपादकांचे खांदे हलले.

थंडी, ओक्तावनं स्वतःला सांगितलं. बारीक माणूस आहे.

पण मग गोदीवाल्याचेही खांदे हलू लागले, आणि त्याला थंडी वाजते असं कुणीही म्हणालं नसतं. त्याच्याखालची खुर्ची बारीक किरकिर करू लागली. कडेच्या एकानं फरची टोपी डोक्यावरून काढली आणि तोंडाशी नेली. घट्ट धरून ठेवली. हसू घालवायला म्हणून त्यानं नाटकातून गंमत काढून घेतली होती. माणसं जितकी दुःखी चेहऱ्यानं फ्रिज वाहत होती तितकं ते असह्य होत होतं. पूर्वी ते फक्त विनोदी होतं. आता ते खरं वाटत होतं.

सिनेमा असता तर त्यानं कट म्हटलं असतं, दिवे लावले असते, यंत्र बिघडलं म्हणाला असता. इथं समोर जे चाललं होतं त्याला बटण नव्हतं. तो हाताची बोटं खुर्चीच्या पाठीत रुतवून मानांकडे बघत राहिला. आत दाबलेलं हसू जर आता फुटलं, तर ते एका ड्रायव्हरचं हसू नसणार. अख्खं मंडळ हसलेलं नाटक. मग मंडळाला स्वतःला वाचवायला त्या नाटकाचं, त्या नाट्यगृहाचं आणि त्या लेखकाचं नाव पुसून काढावं लागणार.

वेतुरियाबाईंची पाठ तेवढी ताठ होती. ओक्ताव त्या एका पाठीला डोळ्यांनी धरून बसला.

शेवटचा अंक. रंगमंच सामानानं खच्चून भरलेला, मधे हातभर रिकामी जागा, तिथली खुर्ची गेलेली. पानाइत आला. दमलेला, पाय ओढत. रिकाम्या जागेपाशी थांबला. आता नुसते उभे राहा, ओक्ताव मनात म्हणाला. दादा, पाया पडतो, उभे राहा.

पानाइत उभा राहिला. चांगला खूप वेळ. मग त्याचे गुडघे वाकू लागले. ओक्तावनं डोळे मिटले आणि धाडकन आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. त्यानं डोळे उघडले तर पानाइत बसला होता. खाली नव्हता पडला आणि उभाही नव्हता; जिथं खुर्ची असायची तिथं, तेवढ्याच उंचीवर, हवेत बसला होता. पाठ सरळ, हात मांडीवर, चेहऱ्यावर दिवसभराचं काम संपलेल्या माणसाचं समाधान. आणि त्याच अवस्थेत त्यानं पुढचं वाक्य घेतलं, "आता येऊ देत पाहुणे. आमच्याकडे बसायला जागा आहे."

त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. सभागृहात एक चमत्कारिक आवाज उमटला, केटलीचं झाकण हलावं तसा, आणि विझला. वेतुरियाबाईंनी पर्स उघडली. रुमाल काढला. तो दोन्ही हातांनी चेहऱ्यावर धरला, आणि त्यांची ती ताठ पाठ कमरेपासून मानेपर्यंत हलू लागली. पडदा पडेपर्यंत ती थांबली नाही.

कुणीच हसलं नाही.

वर व्यवस्थापकाच्या खोलीत त्रायाननं खरी कॉफी ओतली. बशीत जास्त पडली आणि कपात कमी. मंडळी बसली. सगळ्यांचे डोळे लाल, गाल ओले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ओक्ताव दाराशी उभा होता, आणि कोणता प्रश्न येणार हे त्याला पाठ होतं.

वेतुरियाबाईंनी कॉफीचा घोट घेतला, रुमालाची घडी केली आणि संपादकांकडे वळल्या. "कॉम्रेड सेवेर, तुमच्या डोळ्यांत पाणी आहे."

सेवेर यांनी कप बशीत ठेवला. ते जे बोलतील त्यावर बऱ्याच जणांचं पुढचं आयुष्य अवलंबून होतं, त्यात त्यांचंही होतं.

"मला भरून आलं, कॉम्रेड अध्यक्ष," ते म्हणाले.

"तुम्हाला?" त्यांनी गोदीवाल्याला विचारलं.

तो बोलायला गेला, पण त्याला हवेतला पानाइत आठवला असावा. त्यानं ओठ मिटले, छातीवर हात ठेवला आणि जोरजोरात मान हलवली. त्यालाही भरून आलं होतं. कडेच्यांनाही आलं होतं. एकानं तर आपले वडील ट्राम-कंडक्टर होते असं सांगितलं. ते गोदामपाल होते हे खोलीत सर्वांना माहीत होतं.

"मलाही," वेतुरियाबाई म्हणाल्या.

मग त्या मतं सांगू लागल्या आणि त्रायान ऐकत गेला. शेजारधर्मावरचं गंभीर सामाजिक नाटक. सामुदायिक जीवनाचं दर्शन. जाहिरातीवर विनोदी हा शब्द असता कामा नये. आणि एक अट: मंडळानं जे पाहिलं तेच आणि तसंच प्रयोगात व्हावं, एका पापणीचाही फरक नको. खात्रीसाठी दर प्रयोगाला मंडळाचं कुणीतरी बाजूच्या बॉक्समध्ये बसेल. कॉफी संपली. मंडळी उठली. सुतारखान्याचं दार उघडलं तेव्हा ड्रायव्हर लोक आतून मोठमोठ्यानं हसत होते, पण ते स्वतःच्याच कशावर तरी.

निघताना वेतुरियाबाई दाराशी ओक्तावजवळ थांबल्या. हातमोजे घालता घालता, त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ते गृहस्थ तसे किती वेळ बसू शकतात?"

"हवा तितका वेळ, कॉम्रेड," ओक्ताव म्हणाला.

"पापणीचा फरक नको म्हणाले मी," बाई म्हणाल्या, "पण तिथं थोडं जास्त बसले तर मंडळाची हरकत नसेल."

त्रायाननं ओक्तावला मिठी मारली. ओक्ताव लाकडासारखा उभा. नाटक वाचलं होतं, नाट्यगृह वाचलं होतं, बीटची भीती टळली होती. आणि त्यानं जन्मभर ज्यासाठी वाट पाहिली ते हसू त्यानं स्वतःच्या हातानं मंडळाच्या अटीत बंद करून दिलं होतं. पानाइतला हे कसं सांगायचं याचा विचार करत तो खाली गेला. पानाइत पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रोज हवेत बसायचं म्हणजे गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या लागतील, एवढंच म्हणाला. मग त्यानं विचारलं की हसले का हो ते.

"नाही, दादा. रडले."

"म्हाताऱ्यावर ही वेळ आली," पानाइत म्हणाला आणि घमेल्यातलं पाणी ढवळत राहिला.

वीज बचतीपायी प्रयोग दुपार कलताना सुरू व्हायचे. पहिल्या प्रयोगाला, जाहिरातीवर गंभीर असा शब्द असूनही, सभागृह भरलं. पानाइतचं नाव वाचून लोक आले होते. ओव्हरकोटात, मफलरात, शेजारी शेजारी चिकटून. बॉक्समध्ये सेवेर संपादक बसले होते आणि ते तिथं आहेत हे गॅलरीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पडदा उघडायच्या आत पोचलं होतं. ओक्ताव मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

गालिचा आला. शांतता. फ्रिज आला. शांतता. ओक्तावनं सभागृहावरून नजर फिरवली, तोंडंच तोंडं, दगडी. चुकून एखादं तरी हसेल, एखादा बंदरावरचा हमाल, एखादी मासळीवाली, असं त्याला वाटत होतं, आणि त्याच वेळी हसलंच तर सेवेर मान वर करतील अशी भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे त्याला नव्यानं कळलं.

मग खुर्च्या किरकिरू लागल्या. आधी एक, मग रांगच्या रांग. गॅलरीतून खाली बारीक धूळ पडायला लागली. एक बाई मफलरचं टोक तोंडात कोंबत होती. तिच्याशेजारचा नवरा छताकडे बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पोर फ्रिजच्या डावीकडे सरकवलं तेव्हा सबंध सभागृह पुढं झुकलं आणि पुन्हा मागं आलं. आवाज नाही. या लोकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हसलं की विचारणा होते, आणि विचारणा झाली की समजावून सांगावं लागतं, हे गावातल्या प्रत्येकाला बोलायला लागायच्या आधीपासून माहीत होतं.

पानाइत हवेत बसला. जास्त वेळ बसला, मंडळाच्या सूचनेप्रमाणे. बॉक्समध्ये सेवेर यांनी कठड्याखाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली आणि पडदा पडेपर्यंत ती काही बांधून होईना.

टाळ्या वाजवायला परवानगी होती. त्या खूप वेळ वाजल्या. मग लोक उठले, डोळे पुसत, गंभीर चेहऱ्यांनी, अंत्ययात्रेहून परतावं तसे बाहेर पडले. ओक्ताव रिकाम्या सभागृहात उभा राहिला. एवढा मोठा हॉल, इतकी माणसं, आणि त्याच्या कानांत फक्त लाकडाची किरकिर होती.

पानाइतनं कपडे न बदलता वर नुसता कोट चढवला होता; त्याला घरी पोचवायला तो लगेच निघाला. म्हाताऱ्याचे गुडघे वळत नव्हते. चौकातून दोघं हळूहळू, एकमेकांच्या आधारानं चालले. समोर प्रेक्षकांचा लोंढा जात होता, मुका, बर्फात बुटांचा आवाज करत. चौक ओलांडला, सरकारी कचेरी मागं पडली, पोलीस चौकी मागं पडली. मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर, जिथं ट्रामचा रूळ नदीकडे वळतो आणि जिथून कुठलीच खिडकी दिसत नाही, तिथं लोंढा वळला आणि दिसेनासा झाला.

आणि मग ते आलं.

आधी एक बाईचं हसू, किंचाळल्यासारखं. मग पुरुषांचं, पोटातून. मग सगळ्यांचं एकदम, बंद दुकानांच्या पत्र्यांवर आपटून परत येणारं. कुणीतरी "आमच्याकडे बसायला जागा आहे" म्हणालं आणि बहुतेक तसं बसूनही दाखवलं, कारण धप्पकन आवाज झाला आणि हसण्याची दुसरी लाट उठली. कुणीतरी म्हणत होतं बास करा, पोट फाटलं. पुढचे लोक पांगत, मागचे कोपऱ्यापर्यंत गंभीर येत आणि वळले की फुटत.

पानाइतनं ओक्तावचा दंड घट्ट धरला होता. दोघं मासळीच्या बंद ठेल्यामागे, अंगाची घडी करून, चोरासारखे उभे राहिले. शेवटचा माणूस हसून जाईपर्यंत हलले नाहीत. मग पानाइतनं टोपी काढली, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून एकदा मान लववली आणि परत घातली.

नाटक सबंध हिवाळा भरगच्च चाललं. जिल्हा दैनिकात सेवेर यांनी लिहिलं की असं हृदय हेलावणारं नाटक बंदरानं पाहिलं नव्हतं, आणि विचारणा झालीच तर दाखवायला म्हणून लोक ते कात्रण खिशात घालून यायचे. ओक्ताव प्रयोग बघायचा थांबला. शेवटचा अंक सुरू झाला की तो कोट घालून मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर जायचा आणि ठेल्यामागे उभा राहायचा. हसू तिथं क्रमानं येत नसे. कुणाला आधी खुर्ची आठवे, कुणाला फ्रिज, कुणाला मधेच पोर. तो ते सगळं कानांत साठवून खोलीवर न्यायचा आणि पलंगावर पडून, डोळे मिटून, कापून जोडत बसायचा. पोरावरचं हसू पोरापाशी, फ्रिजवरचं फ्रिजपाशी, आणि सगळ्यांत मोठं शेवटी, हवेतल्या म्हाताऱ्याच्या खाली. हे काम त्याला येत होतं.

पानाइत कपडे बदलून यायचा तोवर निम्मे लोक गेलेले असत. एका संध्याकाळी तो धापा टाकत आला, गालाला अजून रंग तसाच, गुडघ्यांवरच्या लोकरीच्या पट्ट्या विजारीवरूनच दिसत होत्या.

"मास्तर," तो म्हणाला, "पडद्यानंतर दारं जरा उशिरा उघडा. माझं ऐकायचं हुकतंय."